रोमन चांदीचा पेला विकायला आलाय, घ्यावा का? (जाणकारांनी मदत करा)

बंड्या_म्युनिक

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं रोमन नाणी जमवतोय, दिनार वगैरे, खिशाला झेपतील तेवढीच. परवा इथल्या एका लिलाववाल्यांचा कॅटलॉग आला, नाण्यांच्या आधीची पानं मी एरवी नुसती उलटतो, पण यावेळी त्यात एक चांदीचा पेला दिसला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाहीये.

पेला साधारण ९ सेंटीमीटर उंच, दोन कानांचा (त्यातला एक कान नंतर बसवलाय असं त्यांनीच लिहिलंय), बाहेरून आयव्हीची वेल, पानं आणि बारीक फळांचे घोस असं उठावाचं काम, आतून एकदम गुळगुळीत, आणि बुडाला ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी लिहिलेलं. काळ इसवी सनाचं पहिलं शतक. आणि पुढे एकच ओळ, 'युरोपातील खाजगी संग्रह, १९८० च्या दशकात घेतलेला.' संपलं. कोणाचा संग्रह, कुठल्या देशातला, कोणाकडून घेतला, काही नाही.

अंदाजे किमतीत बऱ्यापैकी सेकंडहँड गाडी येते. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तर प्रश्न असे की अशी वस्तू खरी आहे का हे घरबसल्या कळतं का, कागद किती बघायचे, आणि पुढेमागे भारतात परत आलो तर बरोबर आणता येईल का. आधीच आभार.

टवाळ_पोपट

आधी बायकोला सांगा. बाकीचे प्रश्न आपोआप सुटतील.

मठारकाम

बंड्याभाऊ, आमच्या घरात तीन पिढ्या तांब्याचं काम, पुण्यात तांबट आळीत, त्यामुळे इतिहासातलं मला फार कळत नाही पण भांडं कसं केलंय हे बघायला मजा येते म्हणून लिहितो. आतून गुळगुळीत आणि बाहेरून उठाव असं म्हणताय म्हणजे तो पेला दुहेरी असणार. बाहेरचा पत्रा पातळ, तो राळेवर ठेवून मागनं पंच मारत मारत नक्षी उचलायची, मग उलटा करून पुढनं पानांच्या कडा, शिरा साफ करायच्या. मागनं मारलं की आत खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत दारूचा गाळ बसणार, धुणार कोण? म्हणून आत दुसरी साधी वाटी बसवायची आणि ओठापाशी बाहेरचा काठ तिच्यावर दाबून घ्यायचा. बूड आणि कान वेगळे ओतून झाळायचे, म्हणजे डाग देऊन जोडायचे. म्हणून तर कान सगळ्यात आधी निघतात, झाळ कमजोर पडते.

आता बघायचं काय. आतली वाटी ठोकून उठवलेली असली तर तिरप्या उजेडात हातोडीचे चट्टे दिसतात, कितीही घासलं तरी पूर्ण जात नाहीत. बुडाच्या मधोमध बारीक टोचा असेल तर तो बघून 'हे लेथवर केलंय, म्हणजे आजचं' असं म्हणू नका, शेवटचा हात फिरवायला फिरकी तेव्हाही वापरायचे, तो टोचा जुन्या भांड्यांवर असतोच. पण पत्र्याची जाडी सगळीकडे अगदी एकसारखी लागली तर मला तरी शंका येईल. हातानं ठोकलेला पत्रा एकसारखा नसतो, कोणी कितीही कसबी असला तरी.

अदिती_एच

मठारकाम काका, फार छान सांगितलंत, आमच्या लॅबमध्ये हे शिकवायला तुम्हाला बोलवायला हवं.

बंड्या, मी धातूच्या जुन्या वस्तूंच्या जतनाचं काम करते, त्यामुळे फोटोवरून खरा-खोटा सांगणार नाही, कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. पण काय काय तपासतात ते लिहिते. चांदी काळी पडते ते आपल्याला घरी माहीत आहे, ते सल्फाइड, त्याला काही किंमत नाही, अंड्याशेजारी ठेवली तरी पडते. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या चांदीवर क्लोराइड धरतं, राखाडी, जांभळट, मेणासारखं, नखानं किंचित दबेल असं, आणि ते नुसतं वरून चोपडलेलं नसतं तर धातूच्या आत शिरलेलं असतं. शिवाय जुनी चांदी ठिसूळ होते. दिसायला धडधाकट पण आत कणांच्या सीमांवरून तडे गेलेले, वाकवायला जाल तर बिस्किटासारखी तुटते. एक्सरेत हे तडे दिसतात आणि ते खोटे आणणं फार अवघड.

दुसरं म्हणजे धातूची घडण. रोमन लोक चांदी शिशाच्या खनिजातून काढायचे, त्यामुळे तिच्यात थोडं शिसं, थोडं सोनं, कधी बिस्मथ राहून जातं. आजची चांदी विजेवर शुद्ध करतात, तिच्यात हे जवळजवळ नसतं. एक्स-रे फ्लुरोसन्सच्या यंत्रानं वस्तूला धक्का न लावता हे बघता येतं. झाळीत कॅडमियम सापडलं तर ती झाळ विसाव्या शतकातली, विषय संपला (पण तुझ्या पेल्याचा एक कान नंतर बसवलाय म्हणतात, त्यामुळे कुठल्या कानाची झाळ तपासली हे विचारायचं!).

आणि आता वाईट बातमी. खोटी वस्तू करणारे मूर्ख नसतात. झिजलेले रोमन दिनार बाजारात किलोवर मिळतात, ते वितळवून पेला केला तर शिसं-सोनं-बिस्मथ सगळं जिथल्या तिथे.

टवाळ_पोपट

म्हणजे बंड्याभाऊंकडे कच्चा माल आधीपासून आहे!

बंड्या_म्युनिक

@टवाळ_पोपट 😂 हे बायकोला सांगू नका.

@अदिती, म्हणजे यंत्रानं 'खोटा' असं सिद्ध होऊ शकतं पण 'खरा' असं नाही, असं का?

अदिती_एच

साधारण तसंच. एका तपासणीनं नाही, चार-पाच गोष्टी एकमेकींशी जुळल्या तर माणूस हळूहळू 'हो' म्हणायला लागतो. आणि तरी भांडण मिटत नाही. ब्रिटिश म्युझियमचा वॉरन कप बघ. (ऑफिसात गुगल करू नका, त्यावरची चित्रं प्रौढांसाठी आहेत, दोन पुरुष जोड्या.) एडवर्ड पेरी वॉरन नावाच्या अमेरिकन संग्राहकानं तो १९११ मध्ये रोममध्ये घेतला, जेरुसलेमजवळ बित्तीरला सापडला असं सांगितलं गेलं. वॉरन वारल्यावर तो कोणाला नकोसाच झाला होता. १९५३ मध्ये अमेरिकेच्या कस्टम्सनं चित्रांपायी तो देशात येऊ दिला नाही, म्युझियमं हात लावायला तयार नव्हती. शेवटी १९९९ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं तो १८ लाख पौंडांना घेतला.

आणि मग २००८ मध्ये मराबिनी मोएव्स या विदुषींनी लिहिलं की हा १९०० च्या आसपास वॉरनसारख्या गिऱ्हाइकाच्या आवडीनुसार केलेला नवा माल आहे, नंतर लुका जुलियानी यांनीही तीच बाजू घेतली. म्युझियमच्या बाजूनं डायफ्री विल्यम्स यांनी गंजाचा, बनावटीचा पुरावा दाखवून तो खराच आहे असं मांडलं. मला स्वतःला तो खरा वाटतो, क्लोराइड फार खोल गेलंय. पण हे भांडण का होऊ शकलं ते बघ. तो जमिनीतून निघताना कोणी बघितला नाही, म्हणून. कोणा पुरातत्त्ववाल्यानं खड्ड्यातून काढला असता तर जुलियानींना लेख लिहायचं कारणच नव्हतं.

नाणेघाट_उतार

सुंदर धागा, वाचनखूण साठवली.

थोडी भर घालतो. रोमन चांदीच्या पेल्याचा आणि आपला संबंध आहे बरं का, आणि तो नुसता ओढूनताणून नाही. 'पेरिप्लस' म्हणून पहिल्या शतकातला एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याचा वाटखर्चाच्या वहीसारखा ग्रंथ आहे, तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत कुठल्या बंदरात काय खपतं, काय घ्यावं. त्यात भडोचला काय न्यायचं याच्या यादीत शेवटी लिहिलंय की राजासाठी महागडी चांदीची भांडी, गाणारी मुलं, जनानखान्यासाठी देखण्या मुली, उंची दारू, झिरझिरीत कापड आणि उत्तम मलम. हा राजा तिथे मानबानोस म्हणून येतो, अभ्यासक त्याला आपला क्षत्रप राजा नहपान समजतात, ज्याच्या जावयाचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत तोच. म्हणजे असे द्राक्षाच्या नाहीतर आयव्हीच्या वेलीचे पेले जहाजातून भडोचला उतरत होते. तोच ग्रंथ पुढे पैठण आणि तेरचं नाव घेतो, तिथला माल बैलगाड्यांतून भडोचला यायचा.

रानवारा७

मग त्यातला एकही पेला आपल्याकडे कसा सापडला नाही?

नाणेघाट_उतार

चांदी आहे राव. चांदी म्हणजे पैसा, वितळवली की झालं. नहपानाची चांदीची नाणी नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडली, तेरा हजारांवर, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप परत मारलेला. इतकी चांदी आली कुठून? आपल्याकडे चांदीच्या मोठ्या खाणी कुठायत? रोमन दिनार वितळवून क्षत्रपांची नाणी पाडली असं अनेकांचं मत आहे, आणि दिनारांबरोबर एखाददुसरा पेला मुशीत गेला असेल तर मला नवल वाटणार नाही.

कांसं मात्र टिकलं. कोल्हापूरला पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात खोदलं तेव्हा पोसायडन या समुद्रदेवाची छोटी मूर्ती आणि रोमन धाटणीची कांस्य भांडी निघाली. मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. जाऊन बघा, एवढीशी मूर्ती आहे पण उभं राहण्याची ऐट बघा.

शंकासुर

सगळं वाचलं. आता जरा विरोधात बोलतो, रागावू नका.

तुम्ही लोक 'कागद कागद' करताय पण पेला तर आता जमिनीबाहेर आलाय ना? बंड्यानं नाही घेतला तर कोणीतरी तिसरा घेईल आणि तिजोरीत टाकेल. बंड्या निदान त्याचा अभ्यास तरी करेल, इथे फोटो टाकेल. म्युझियमवाल्यांच्या तळघरात हजारो वस्तू पडून आहेत, कोण बघतं? आणि संग्राहक नसते तर अर्ध्या वस्तू केव्हाच भट्टीत गेल्या असत्या. १८९५ मध्ये व्हेसुव्हियसजवळ बोस्कोरेआलेला एका शेतघरात चांदीचा साठा निघाला, १०९ नग, तो एद्मों द रॉथशिल्ड या धनाढ्य संग्राहकानं विकत घेऊन पॅरिसच्या लूव्र म्युझियमला दिला. सांगाड्यांचे पेले त्यातलेच, झेनो आणि एपिक्युरस हे ग्रीक तत्त्वज्ञ दोघेही सांगाडे होऊन वाद घालतायत आणि वर लिहिलंय की जगून घ्या, उद्याचा भरवसा नाही. खाजगी पैसा नसता तर हे आज आपल्याला दिसलं असतं का?

कायदा_आणि_कोथिंबीर

शंकासुर, उदाहरण छान निवडलंत पण ते तुमच्यावरच उलटतं. बोस्कोरेआलेचा साठा इटलीतून गुपचूप बाहेर काढला गेला, त्यावरून तिथे एवढा गदारोळ झाला की पुढे कायदे कडक होत गेले आणि १९०९ च्या कायद्यानं जमिनीखालच्या प्राचीन वस्तूंवर सरकारचा हक्क पक्का केला. आणि सगळे नग लूव्रला लगेच नाही गेले, ऑगस्टस आणि तिबेरियस यांच्या मिरवणुकीचे दोन पेले रॉथशिल्ड घराण्याकडेच राहिले ते थेट १९९१ मध्ये लूव्रला मिळाले, आणि तोवर १८९९ च्या छापील फोटोंत दिसणारे काही भाग तुटून गेले होते. खाजगी हातांनी वाचवलं आणि खाजगी हातांतच मोडलं, दोन्ही खरं.

बंड्या, तुझ्या मुद्द्याकडे येतो. १९७० हे साल डोक्यात ठेव. त्या साली प्राचीन वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार झाला, चांगली म्युझियमं त्याआधी वस्तू मूळ देशाबाहेर होती याचा कागद मागतात. '१९८० च्या दशकात घेतलेला' म्हणजे ती रेघ ओलांडून दहा वर्षं झाल्यावर. आणि तोही नुसता शब्द. जुनं बिल, विम्याची यादी, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगचं पान, संग्राहकाचं पत्र, घरातला तारीख असलेला फोटो, यातलं काहीही चालेल पण काहीतरी हवं. जर्मनीच्या २०१६ च्या कायद्यानं मालाचा उगम तपासायची जबाबदारी विकणाऱ्यावर टाकलीये, त्यामुळे तू विचारलंस तर उपकार मागत नाहीयेस. शिवाय २८ जून २०२५ पासून युरोपियन युनियनबाहेरून अडीचशे वर्षांपेक्षा जुनी पुरातत्त्वीय वस्तू आणायला आयात परवाना लागतो, म्हणून आता सगळ्यांच्याच वस्तू अचानक 'जुन्या युरोपियन संग्रहातल्या' निघायला लागल्या तर आश्चर्य नको.

भारतात आणायचं म्हणशील तर आणता येईल, कस्टम्सला नीट जाहीर करून, पण १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे इथे कायमचं मुक्काम करायला आणणार असशील तरच. उद्या परत म्युनिकला गेलास आणि पेला बरोबर न्यायचा म्हटलंस तर मग वकील शोध.

मुक्ता_के

ते न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमचं काय झालं होतं, मॉर्गान्तिनाचं? ते कोणीतरी सविस्तर लिहा ना.

कायदा_आणि_कोथिंबीर

लिहितो, फार भारी किस्सा आहे.

मेटनं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीक चांदीचे १६ नग घेतले, सुमारे ३० लाख डॉलर. (रोमन नाही, ख्रिस्तपूर्व तिसरं शतक, पण पेले-भांडी तीच जात.) म्युझियमचं म्हणणं की तुर्कस्तानातून कायदेशीर मार्गानं आलंय. सिसिलीत मॉर्गान्तिनाला खोदकाम करणारे माल्कम बेल यांना पहिल्यापासून वाटत होतं की हा माल आपल्या गावातून चोरीला गेलाय. शेवटी त्यांनी ज्या घरातून तो निघाला असावा असं सांगितलं जात होतं ते घर रीतसर खोदलं, तर जमिनीत चोरांनी केलेले खड्डे सापडले, आणि उकरलेल्या मातीत इटलीचं १०० लिराचं नाणं, साल १९७८. चोराच्या खिशातनं पडलं असणार. २२०० वर्षांपूर्वीच्या घरात १९७८ चं नाणं! २००६ मध्ये करार झाला, २०१० मध्ये चांदी इटलीला परत गेली.

सेव्सो नावाच्या रोमन चांदीच्या साठ्याचं याहून वाईट. १९९० मध्ये न्यूयॉर्कला मोठा गाजावाजा करून विकायला काढला, मालक एक इंग्रज उमराव, लेबनॉनचे निर्यातीचे कागद दाखवले आणि ते खोटे निघाले. लेबनॉन, युगोस्लाव्हिया, हंगेरी तिघं भांडले. शेवटी हंगेरीनं २०१४ मध्ये सात नगांना दीड कोटी युरो आणि २०१७ मध्ये उरलेल्या सातांना २ कोटी ८० लाख युरो मोजले. आणि ज्या पोराला तो साठा सापडला असं मानतात तो योझेफ श्युमेग १९८० मध्ये एका दारूच्या तळघरात मेलेला सापडला. आत्महत्या म्हणून नोंद झाली, नंतर खुनाचा संशय आला.

टवाळ_पोपट

बायकोला सांगायची हिंमत होत नाही म्हणणारा माणूस हे वाचून काय करणार.

पुराणिक_काका

नवीन पोरांना वाटतं जुन्या चांदीचं वेड आजचं आहे. अहो रोमन लोकच याचे पहिले रोगी! सिसिलीचा गव्हर्नर व्हेरेस, त्यानं लोकांच्या घरातले पेले, देवळातली भांडी उचलली, त्यावरची कोरीव चित्रं उचकटून काढली आणि सिराक्यूसला मोठा कारखाना काढून ती सोन्याच्या पेल्यांत बसवून घेतली. सिसेरोनं इ.स.पू. ७० मध्ये त्याच्यावर खटला भरला तेव्हा सांगितलंय की आठ महिने कारागिरांना उसंत नव्हती आणि गव्हर्नर साहेब स्वतः काळपट अंगरखा घालून कारखान्यात बसायचे. आजकालचे अधिकारी निदान स्वतः भट्टीपाशी बसत नाहीत.

रोमन लेखक प्लिनी सांगतो की झेनोदोरस नावाच्या शिल्पकारानं कालामिस या ग्रीक कारागिराच्या जुन्या पेल्यांची अशी हुबेहूब नक्कल केली की फरक जेमतेम. आणि मार्शल हा कवी एका अशाच फुशारक्या मारणाऱ्याची टर उडवतो, तो पाहुण्यांना सांगतो हा पेला नेस्टरचा, तो अमुक वीराचा, असं सगळं ट्रोजन युद्धापासूनचं, आणि शेवटी ट्रॉयच्या प्रायम राजाच्या पेल्यात ओततो काय, तर कालची कोवळी, आंबट दारू! तेव्हा पेला घेतलास तर त्यात ओतायचं काय तेही ठरवून ठेव.

रानवारा७

हे सगळं ठीक आहे पण ब्रिटिशांनी आपलं जे नेलं त्याचं काय? वाघनखं तीन वर्षांसाठी उसनी आणावी लागतात आपल्याला!

नाणेघाट_उतार

रानवारा, भावना समजते, पण वाघनखं हे कागदाच्याच मुद्द्याचं उदाहरण आहे. २०२४ मध्ये ती साताऱ्याला आली तेव्हा ती उसनी देणाऱ्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमवाल्यांनीच सांगितलंय की ती ग्रँट डफच्या घराण्याकडून आली एवढं नक्की, पण महाराजांनी प्रतापगडावर वापरली ती हीच, असा पुरावा नाही. डबीवर तसं लिहिलेलं आहे पण डबी नंतरची. श्रद्धा वेगळी, नोंद वेगळी.

संपादक_मंडळ

वाघनखं, कोहिनूर आणि भवानी तलवार यांवर आधीच धागे आहेत, कृपया तिकडे चर्चा करावी. इथले विषयाबाहेरचे प्रतिसाद उडवले जातील.

बंड्या_म्युनिक

मंडळी, अपडेट. तुमचं वाचून मी लिलाववाल्यांना ईमेल टाकली. वजन, बुडाचा जवळून फोटो, एक्सरे झालाय का आणि संग्राहकाचं नाव. दोन दिवस काही नाही, मग एकदम गोड उत्तर. एक्सरे नाही. नाव 'गोपनीयतेमुळे' सांगता येत नाही. वजन ३५२ ग्रॅम. फोटो मात्र झकास पाठवलाय. बुडाच्या कडेनं टोकदार हत्यारानं ठिपके मारून लिहिलंय, पी, मग दोन उभ्या रेघा, मग एक बरोबरीच्या चिन्हासारखं आणि पुढे अजून एक आडवी रेघ. शेजारी तीन-चार अक्षरं आहेत पण ती गंजात गेलीयेत, नाव असावं. हे काय आहे?

अदिती_एच

अरे वा!! हे तर सगळ्यात मजेचं आहे.

पी म्हणजे वजनाची खूण, पाँडो. दोन उभ्या रेघा म्हणजे दोन रोमन पौंड. पौंडाचे बारा उंशिया, आणि उंशिया आडव्या रेघांनी दाखवतात, तुझ्या तीन आडव्या रेघा म्हणजे तीन उंशिया. रोमन पौंड साधारण ३२७ ग्रॅम, उंशिया सव्वासत्तावीस. हिशेब कर, दोनदा ३२७ म्हणजे ६५४, अधिक ८२, झाले ७३६ ग्रॅम.

आणि तुझा पेला ३५२ चा.

शंकासुर

म्हणजे अर्धा कमी! खोटं लिहिलंय! बघा, गेला ना पेला.

अदिती_एच

नाही ना शंकासुर, उलट! ७३६ चे निम्मे ३६८. पेला ३५२. सोळा ग्रॅमचा फरक, मूळ कान गेलाय आणि नवा हलका असेल, शिवाय गंजून थोडी चांदी जातेच. हे पेले जोडीनं करायचे आणि वजन बऱ्याचदा जोडीचं मिळून लिहायचे. म्हणजे या पेल्याचा एक भाऊ आहे. किंवा होता.

मठारकाम

आमच्याकडेही समयांची जोडी असली की वजन जोडीचंच सांगतात, सुट्टी समई कोणी मागत नाही.

मुक्ता_के

अंगावर काटा आला. मग दुसरा कुठे आहे?

कायदा_आणि_कोथिंबीर

हाच प्रश्न. आणि इथेच पाणी मुरतंय.

दोन शक्यता. एक म्हणजे प्राचीन काळीच जोडी फुटली, वाटणी झाली, एक चोरीला गेला, वितळला, काहीही. दुसरी म्हणजे दोन्ही एकत्र पुरलेले होते, कदाचित बरोबर ताटं, चमचे, कलथेही, आणि ज्यानं उकरलं त्यानं एकेक नग वेगळ्या शहरात वेगळ्या माणसाला विकला. असं मुद्दाम करतात, कारण अख्खा साठा एकदम बाजारात आला की पोलीस विचारायला येतात कुठून आला, सुट्टा पेला 'आजोबांच्या कपाटातला' म्हणून खपतो. म्हणजे बंड्या, तुझ्या ठिपक्यांमुळे पेला खरा असण्याची शक्यता वाढली आणि त्याच ठिपक्यांमुळे तो साठा फोडून विकलेला असण्याचीही.

डेन्मार्कचे होबीचे पेले बघ. १९२० मध्ये लोलांड बेटावर एका थडग्यात जोडी निघाली, एकावर प्रायम अकिलीसच्या हाताचं चुंबन घेतोय, दुसऱ्यावर ट्रोजन युद्धातलाच वीर फिलोक्टेटिस, कारागिराची सही आहे खेइरिसोफोस, आणि बुडाला नाव सिलियस. आता इ.स. १४ ते २१ मध्ये ऱ्हाईनच्या वरच्या भागातल्या रोमन फौजेचा सेनापती गायस सिलियस होता. म्हणजे रोमन सेनापतीचे पेले रोमन हद्दीच्या कितीतरी बाहेर एका सरदाराच्या थडग्यात, बहुधा नजराणा म्हणून गेलेले. थडगं जागेवर सापडलं म्हणून राजकारणाचा एवढा धागा हाती लागला. तेच पेले सुट्टे होऊन लिलावात आले असते तर कॅटलॉगवाल्यानं काय लिहिलं असतं? 'पौराणिक दृश्यं, उत्तम स्थिती.'

शंकासुर

हे मान्य आहे, पण मग बंड्यानं करायचं काय? हा पेला त्या थडग्यात परत तर जाणार नाही. तुम्ही सगळे मिळून त्याला फक्त भीती घालताय.

कायदा_आणि_कोथिंबीर

भीती नाही, सौदा करायला हत्यार देतोय. आता त्यानं लिलाववाल्यांना सरळ विचारायचं की वजन जोडीचं आहे, जोडीदार माहीत आहे का, हरवलेल्या वस्तूंच्या आर्ट लॉस रजिस्टरमध्ये तपासलंत का, इटलीच्या काराबिनिएरी पोलिसांच्या यादीत बघितलंत का, आणि १९८० च्या दशकातला एक, फक्त एक कागद द्या. रजिस्टरचं सर्टिफिकेट मिळालं तरी त्यावर विसंबू नकोस हां, तिथे चोरीची तक्रार झालेल्या वस्तू असतात. जमिनीतून रात्री उकरलेल्या वस्तूची तक्रार करणार कोण, ती होती हेच कोणाला माहीत नसतं.

पुराणिक_काका

सहमत. आणि कोणाला खरंच चांदी बघायची असेल तर इंग्लंडात मिल्डनहॉलचा साठा आहे, १९४२ मध्ये नांगरताना लागला, ज्याच्याकडे होता तो ती भांडी घरातल्या कपाटावर मांडून बसला होता! सरकारला कळलं १९४६ मध्ये. आता ब्रिटिश म्युझियममध्ये फुकट बघता येतो. फ्रान्सचा बेर्थुव्हिलचा साठा १८३० मधला, तोही नांगरालाच लागला, मर्क्युरीच्या देवळाचा, भक्तांची नावं कोरलेली. शेतकऱ्यांनी जेवढं शोधलंय तेवढं प्राध्यापकांनी नाही.

बंड्या_म्युनिक

उत्तर आलं. जोडीदाराबद्दल 'वारसांना माहिती नाही.' रजिस्टरचं सर्टिफिकेट आहे. १९८० च्या दशकातला कागद म्हणून एक टाइप केलेलं निवेदन पाठवलं, वारसाची सही, तारीख गेल्या वर्षीची, की 'माझ्या माहितीप्रमाणे वडिलांकडे हा पेला १९८० च्या दशकापासून होता.' देश नाही, दुकान नाही, बिल नाही.

मी बोली लावणार नाहीये. शंकासुर, तुमचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही, फोटो बघून अजूनही हात शिवशिवतात, त्या आयव्हीच्या पानांच्या शिरा इतक्या नाजूक आहेत की काय सांगू. पण मी विकायला काढला तर पुढचा गिऱ्हाईक मला हेच प्रश्न विचारणार आणि माझ्याकडे सांगायला काय, तर 'एका म्युनिककराच्या संग्रहातला'.

त्याऐवजी तिबेरियसचा एक दिनार बघतोय, त्याच्याबरोबर एका जुन्या संग्राहकाची शाईनं लिहिलेली चिठ्ठी आहे आणि १९३० च्या दशकातल्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्याचा फोटो छापलेला आहे, काठावरची चीर जुळते. किंमत पेल्याच्या मानानं चिल्लर.

टवाळ_पोपट

आता बायकोला सांगा की 'मी एवढे पैसे वाचवले'. याला म्हणतात गुंतवणूक.

अदिती_एच

चांगलं केलंस. फक्त बुडाचा तो फोटो आणि कॅटलॉगचं पान नीट जपून ठेव, लिंका नंतर उडतात. जोडीदार कुठे विकायला आला तर त्याच्या बुडालाही तेच आकडे असतील.

बंड्या_म्युनिक

ताजी खबर: साइटवर त्या लॉटपुढे 'मागे घेतला' असं दिसतंय. कारण दिलेलं नाही. माझ्या ईमेलमुळे की दुसऱ्या कोणी विचारलं म्हणून, कोण जाणे.

कायदा_आणि_कोथिंबीर

वर्षभरात दुसऱ्या शहरात निघेल, बहुतेक 'जुना स्विस संग्रह' होऊन. बंड्या, फोटो मला व्यक्तिगत निरोपातून पाठव, माझ्या एका मित्राकडे १९६० पासूनच्या लिलावाच्या कॅटलॉगांचा ढीग आहे, आयव्हीचे पेले चाळून बघायला सांगतो.

मठारकाम

मलाही पाठवा, आतल्या वाटीचा असेल तर तो आधी.